वजनात बसणं

ग्लासातली थुंकी करंगळीच्या पहिल्या पेरापर्यंत आली होती. वर फेस, त्याखाली गढूळ पातळ थर आणि तळाशी आंबट गोळीचा पिवळसर साका. फेस मोजायचा नाही, असा मास्तरांचा नियम होता. त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, फेस खाली बसेपर्यंत नखाने टकटक केली आणि म्हणाले, "अजून."

काडीने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. तोंडाला पाणी सुटायचं केव्हाच थांबलं होतं. ती पुढे वाकली, ओठ ग्लासाच्या कडेला टेकवले आणि वाट पाहत बसली. ओठाच्या भेगेतून थुंकीच्या आधी रक्ताचा बारीक धागा उतरला आणि फेसात पसरला.

"बाबा, रक्त धरायचं का वजनात?"

मास्तरांना हसू आलं. "धर की. रक्तालाही वजन असतंच."

मास्तर म्हणजे काडीचे वडील. त्यांच्या बॉक्सिंग क्लबात येणारी मुलं त्यांना मास्तर म्हणत, म्हणून सगळं गावच मास्तर म्हणे. त्यांचं नाक इतक्या वेळा मोडलं होतं, की नेमकं कुठल्या बाजूला वळायचं हे ते आता विसरून गेलं होतं. क्लब म्हणजे लांब पत्र्याचा हॉल, मधोमध रिंग, छताला टांगलेल्या चार बॅगा, आणि मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत मास्तर, काडी आणि तिचा थोरला भाऊ, दादा, असे तिघं राहत. आई काडीच्या लहानपणीच गेली. तेव्हापासून त्या घरातल्या शेगडीवर जेवण कमी शिजे आणि हाताला बांधायच्या पट्ट्या जास्त उकळत.

हॉलच्या दाराशी मास्तरांचा काटा होता. लोखंडी चौथरा, त्यावर उभा खांब, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारा पितळी ठोकळा. चौथऱ्यावर माणूस उभं राहिलं, की मास्तर ठोकळा एका बोटाने ढकलत आणि दांडी अधांतरी तरंगायची वाट पाहत. झुंजीच्या आदल्या दिवशी वजन होतं. खेळाडू आपल्या गटाच्या वजनात बसला तर खेळायला मिळतं, नाही तर पिशवी उचलून घरी जायचं. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या एका सकाळीभोवती फिरलं होतं. जेवण तोडणं, पाणी तोडणं, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळणं आणि शेवटी, काहीच जाईनासं झालं, की आंबट गोळी चोखत ग्लासात थुंकणं. यातलं त्यांना न येणारं काही नव्हतं.

काडी मात्र बॉक्सर नव्हती. ती पळायची.

पळायला लागली तीही गंमतच. क्लबातली मुलं सकाळी तलावाला फेरी मारत, काडी त्यांच्यामागून पाण्याच्या बाटल्या घेऊन जाई. एके दिवशी मागे राहून तिला कंटाळा आला, म्हणून ती पुढे गेली आणि पुलावर बसून त्यांची वाट पाहू लागली. मास्तर सायकलवरून आले. त्यांनी पुलावर बसलेली मुलगी पाहिली, मग लांबून धापा टाकत येणारी मुलं पाहिली.

"रेडे नुसते," ते म्हणाले. "काडे, ऊठ. आणखी एक फेरी मार."

शहराच्या मोठ्या शर्यतीसाठी तिचं नाव त्यांनीच घातलं. लांब पल्ल्याची शर्यत, आणि पुढे येणाऱ्या मुलींना शहराच्या संघात घेणार होते. काडीला संघ हवा होता. त्याहून जास्त हवं होतं ते पळताना कधी कधी होणारं ते एक: पाय आपले राहत नाहीत, रस्ताच मागे मागे ओढला जातो, आणि डोक्यात कोणाचाच आवाज उरत नाही.

सुरुवातीला मास्तरांचं खरं ठरलं. थोडं वजन उतरलं तशी ती हलकी झाली. तलावाच्या पलीकडच्या गिरणीचा भोंगा रोज ठरल्या वेळी होतो. पूर्वी तो झाला की ती पुलाच्या अलीकडे असे, मग पुलावर, मग पुलाच्या बरीच पलीकडे. मास्तर सायकलवरून ओरडत, "बघ! चरबी म्हणजे खिशातले दगड!"

पण मास्तर थांबले नाहीत. वजन आणखी उतरलं आणि भोंगा परत तिला पुलावर गाठू लागला. मग पुलाच्या अलीकडे. काटाही खोटं बोलत नव्हता आणि भोंगाही खोटं बोलत नव्हता. मास्तर फक्त काटा वाचत. काडीला दोन्ही कळत होतं, पण कळून करायचं काय? तीही सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा पोटावर हात फिरवून फासळ्या चाचपे. उपाशी राहणं तिला जमू लागलं होतं, आणि जे जमतं त्याचा माणसाला अभिमान वाटू लागतो. मास्तरही तिच्यासोबत उपाशी राहत. "खेळाडू उपाशी तर मास्तर उपाशी," असं म्हणून ते रात्री तिचे तळपाय चोळून देत, आणि त्यांच्या पोटातले कावळे तिला ऐकू येत. अशा माणसाशी भांडायचं कसं?

शिवाय भांडण म्हटलं, की दादाचा विषय निघायला हवा होता. तो त्या घरात कोणी काढत नसे.

दादा चांगला बॉक्सर होता. शेवटच्या झुंजीला तो वजनात बसत नव्हता, म्हणून मास्तरांनी त्याला प्लॅस्टिक गुंडाळून भट्टीसारख्या तापवलेल्या बंद खोलीत बसवलं, पाणी तोडलं. तो वजनात बसला. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये त्याच्या अंगात पाणी नव्हतं, पायात जोर नव्हता, आणि समोरच्याने कानशिलावर मारलेल्या ठोशाने तो पडला तो आधीचा दादा म्हणून उठलाच नाही. आता त्याचा डावा हात थरथरायचा, डावा पाय ओढला जायचा, आणि शब्द एकेक करून, विहिरीतून बादली ओढावी तसे यायचे. तो हॉल झाडायचा, पट्ट्या उकळायचा, फाटके ग्लोव्ह शिवायचा. कोणी विचारलंच, तर मास्तर म्हणत, "गार्ड खाली आला त्याचा. हात वर ठेवले असते तर काही झालं नसतं."

* * *

काडी बेकरीत कामाला होती. मळलेल्या पिठाच्या मोठ्या गोळ्यातून पत्र्याच्या धारदार पट्टीने तुकडे तोडायचे, तोलायचे आणि पुढे सरकवायचे. तिच्या हाताला वजन कळायचं, काट्याची गरज क्वचित पडे. कच्चा तुकडा थोडा जड धरावा लागतो, कारण भट्टीत पाणी उडून जातं. पाव हलका होऊन बाहेर येतो, पण आत पीठ तेवढंच राहतं. हे तिला बेकरीवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ग्लासात थुंकताना तिला ते हटकून आठवे.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी सकाळी ती टेबलाशी उभी होती. समोर पिठाचा डोंगर, मागे भट्टी, आणि नाकात तो वास. त्या वासाने आता तिच्या पोटात काही होत नसे; ते हातात उतरे. हात बारीक थरथरत, आणि तिला कशाचाही, कोणाचाही राग येई. पावाच्या टोपलीवर बसलेल्या माशीचासुद्धा.

पावाची गाडी चालवणारा गाडीवाला माल भरायला आत आला. तोंडाळ माणूस, पण वाईट नव्हता.

"काय गं काडी, बाहेर वारा सुटलाय. जाताना खिशात दोन वजनं टाकून जा, नाहीतर पतंग व्हायचीस."

"काम कर तुझं."

"अगं, खातेस की नाही काही? माझी म्हातारी सासू तुझ्यापेक्षा पैलवान दिसते." त्याने ट्रेमधला एक पाव उचलला, गरम गरम फोडला आणि वाफेसकट तिच्या नाकापुढे धरला. "घे. एक घास. माझी शपथ."

पुढचं तिने ठरवून केलं नाही. हातात पट्टी होती, हात वर गेला आणि खाली आला. गाडीवाल्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आधी पांढरी रेघ उमटली, मग ती रेघ उघडली. तो ओरडला. तिने पुन्हा हात उचलला. दुसरा वार त्याच्या खांद्यावर बसला, तिसरा टेबलाच्या कडेवर, आणि लाकडात पट्टी रुतली म्हणून चौथा झाला नाही. पिठावर रक्ताचे थेंब पडले आणि लगेच आत शोषले गेले.

आणि काडी पाहत होती ती जमिनीवर पडलेल्या पावाकडे. त्याची एक बाजू लाल झाली होती. दुसरी चांगली होती. ती दुसरी बाजू खाता येईल, असा विचार तिच्या मनात स्पष्ट, सावकाश येऊन गेला.

मावशी भट्टीकडून धावत आल्या. आडव्या बांध्याच्या, बाह्या कायम वर सारलेल्या. त्यांनी आधी काडीला कानाखाली दिली, मग गाडीवाल्याला खाली बसवून स्वच्छ फडका त्याच्या हाताभोवती आवळला.

"मेलो, मावशी!"

"मरत नाहीस. कातडं फाटलंय. बोटं हलव. हलतात? मग ओरडू नकोस." त्यांनी दुसऱ्या कामगाराला त्याच्यासोबत दवाखान्यात धाडलं आणि काडीला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. धरलेला दंड त्यांनी लगेच सोडला. त्यांची बोटं पलीकडून एकमेकांना लागली होती.

"काय झालं काय तुला?"

"माहीत नाही."

"बरं वाटलं ना मारताना?"

काडीने हातावरचं पीठ झटकलं. बरं वाटलं होतं.

मावशी पायरीवर बसल्या. "माझ्या वरच्या खोलीचं तुला कधीपासून सांगतेय. दोन खिडक्या आहेत, नळ आहे. तू ये, भावाला घेऊन ये. त्याला इथे ट्रे पुसायचं काम देईन. तुझं आपलं एकच पालुपद, सांगते, सांगते."

"शर्यत होऊ दे मावशी. मग सांगते."

"शर्यत होऊ दे, शर्यत होऊ दे! तोवर तू उरशील का?"

काडी म्हणाली, "बाबांना एकटं टाकून कसं जायचं?" आणि हे म्हणताना तिला बाबांचा चेहरा आठवला नाही. त्यांच्या पोटातली गुरगुर आठवली.

* * *

गाडीवाल्याची बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. मास्तर रागावले नाहीत. उलट त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"वजन उतरत आलं की खेळाडू चावरा होतो. चांगलं लक्षण आहे. तुझा दादा तर शेवटच्या आठवड्यात दार चावायचा." मग ते थांबले, कारण दादाचं नाव त्यांच्याच तोंडून निघालं होतं. दादा कोपऱ्यात सुई-दोरा घेऊन बसला होता. तो ग्लोव्ह शिवत राहिला.

मास्तरांनी नाक वर करून हवा हुंगली. "हा वास कसला?"

वास दोन दिवस येत होता. काडीला तो कुठून येतो हे माहीत होतं.

"उंदीर मेलाय कुठेतरी," मास्तर म्हणाले आणि जुन्या ग्लोव्हच्या पेटीकडे गेले. झाकण उघडताच त्यांनी तोंड फिरवलं. मग एक ग्लोव्ह बाहेर काढला, उलटा केला आणि त्यातून उकडलेलं अंडं जमिनीवर पडलं. फुटलं. आतून हिरवट काळं निघालं. दुसऱ्या ग्लोव्हमधून तसंच. तिसऱ्यातलं ताजं होतं, पांढरं, गुळगुळीत.

दादा पट्ट्या उकळायच्या पातेल्यातच अंडं टाकत असे. उकडलं की तिच्या खाटेवर टांगलेल्या डाव्या ग्लोव्हमध्ये ठेवून देई, आणि काही बोलत नसे. आधी ती खायची. मग काटा बघून खायची. मग खाईनाशी झाली. पण दादाने दिलेलं फेकायला तिचा हात धजेना, म्हणून ती ते पेटीत ठेवत गेली.

"कोणाचं काम हे?"

दादाने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. उजवा. डावा थरथरत होता.

"मी खाल्लं नाही बाबा," काडी घाईने म्हणाली. "बघा ना, सगळी तिथेच आहेत. एकही खाल्लं नाही."

मास्तरांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते दादाच्या दिशेने चालत गेले, आणि त्यांची चाल बदलली. डावा पाय पुढे, टाचा उचललेल्या, हनुवटी खाली. काडीने ती चाल हजार वेळा पाहिली होती. रिंगबाहेर कधी पाहिली नव्हती. पहिला ठोसा बरगड्यांवर बसला. ओल्या बॅगेवर बसावा तसा आवाज आला. दादाच्या मांडीवरचा सुई-दोरा उडाला. तो धडपडत उठला, आणि उठताच त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. कोपरं आत, मुठी गालांशी. इतक्या वर्षांनी, थरथरत्या डाव्यासकट, अगदी बरोबर गार्ड.

मास्तर मारत राहिले. त्यांचा श्वास शिकवताना चालावा तसा चालत होता, दर ठोशाला नाकातून एक फुंकर. दादाच्या हातांवर, खांद्यावर, पोटात. काडी मध्ये शिरली. मास्तरांचं कोपर तिच्या तोंडावर आदळलं आणि ती रिंगच्या दोरांवर जाऊन पडली. उठायला गेली तर मांड्यांनी उत्तरच दिलं नाही. ज्या पायांनी तलावाच्या फेऱ्या मारल्या, त्यांत हात टेकून उभं राहण्याइतकंही उरलं नव्हतं. तिने तोंडातलं रक्त गिळलं, आणि त्याची खारट, गरम चव पोटात पोचली तेव्हा पोट आनंदाने आवळलं. स्वतःच्या पोटाची तिला शिसारी आली.

शेवटचा ठोसा मास्तरांनी वरून मारला. दादाच्या दोन्ही मुठींवर. मुठींसकट डोकं भिंतीवर आपटलं आणि दादा घसरत खाली बसला. नाकातून रक्त, डोळे उघडे. हात अजून वर होते.

हॉलमध्ये एक बॅग उगाचच हलत होती. दादाचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"माझा... गार्ड... वर होता."

मास्तर उभे राहिले. ते आपल्या मुठींकडे पाहत होते, जणू कोणीतरी त्या त्यांच्याकडे सांभाळायला दिल्या होत्या. मग त्यांनी बर्फ आणला, फडक्यात बांधला, दादाच्या नाकावर धरला आणि त्याचं तोंड स्वतःच्या शर्टाने पुसलं. बर्फ वितळून संपला तेव्हा म्हणाले, "उद्या वजन आहे. कोणी पाणी पिऊ नका." आणि स्वतःही प्याले नाहीत.

* * *

शनिवारी सकाळी त्यांनी काडीच्या अंगाला प्लॅस्टिक गुंडाळलं आणि तिला तलावावर नेलं. ती पळत नव्हती, पडणं पुढे ढकलत होती. पुलाच्या कितीतरी अलीकडे भोंगा झाला आणि त्याच्या आवाजात रस्ता वर आला. गाल डांबराला लागला. डांबर गार होतं, तिथेच राहावंसं वाटलं. मग मास्तरांनी तिला प्लॅस्टिकला धरून उचललं, दोन्ही गालांवर एकेक चापट मारली, प्लॅस्टिकच्या आत हात घातला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"घाम नाही! थेंब नाही. काडे, आत काही उरलंच नाही."

हॉलच्या दाराशी तिला काट्यावर उभं केलं. मास्तरांनी ठोकळा एका बोटाने सरकवला. दांडी थरथरली, वर गेली, खाली आली आणि अधांतरी थांबली.

"बसलीस! वजनात बसलीस, पोरी!" त्यांनी तिला उचलून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दादा दारात उभा होता, एक डोळा सुजून मिटलेला. त्याने काट्याकडे पाहिलं, मग काडीच्या पायांकडे.

शर्यतीचे नंबर देण्याचं काम एका मोठ्या हॉलमध्ये चाललं होतं. लांबच लांब टेबलं, रांगा, टाचण्यांचे डबे, कागदी पिशव्या, आणि दाराशी केळ्यांनी भरलेली खोकी. आलेल्या प्रत्येकाच्या हातात कोणी ना कोणी केळं देत होतं. लोक केळी खात, हसत, एकमेकांचे बूट बघत उभे होते. दंड, मांड्या, गाल असलेली माणसं. काडीला ती सगळी फार मोठी दिसत होती. दादाने तिला एका हाताने धरून ठेवलं होतं.

टेबलामागच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी यादीत तिचं नाव शोधलं, नंबरचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि केळं पुढे केलं.

"आत्ता नाही," मास्तर म्हणाले. "आधी वजन. काटा कुठे आहे?"

"कसला काटा?"

"वजनाचा. ही वजनात बसली आहे, आमच्या काट्यावर करून आलोय. तुमच्यावर करा, म्हणजे हिला पाणी द्यायला मी मोकळा."

चष्मेवाल्यांनी आधी काडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "काका, इथे वजन होत नाही. ही पळायची शर्यत आहे."

"ते कळतंय मला. पण कोणत्या गटात पळणार हे कसं ठरवता?"

"वयावर."

"आणि वजन?"

"वजन कशाला लागतं? आम्ही माणसं मोजतो काका, तोलत नाही." हे ते गमतीने म्हणाले. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघी तिघी हसल्या. कोणीतरी म्हणालं, "तोलायला लागले तर मी आत्ताच घरी जाते बाई."

काडीने वळून वडिलांकडे पाहिलं. ती इतके महिने समजत होती, की वजन उतरवायचं ते वेगासाठी. शनिवारचं वजन ही क्लबाची आपली रीत. बाबांना खरंच वाटत होतं, की इथे काटा असेल. की काट्यावर ठोकळा जरा जरी पुढे सरकला, तरी तिला घरी पाठवतील. ते तिला त्यापासून वाचवत होते. दादाला वाचवलं तसं.

मास्तरांचं तोंड उघडं होतं. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, भिंतीच्या कडेला पाहिलं, दाराकडे पाहिलं. हसणारे आता गप्प झाले होते, आणि बहुधा तेच त्यांना सहन झालं नाही. त्यांनी टेबल उलथवलं. टाचण्या फरशीवर उधळल्या. चष्मेवाले उठायच्या आत त्यांच्या तोंडावर ठोसा बसला, चष्मा मोडला, ते खुर्चीसकट मागे पडले आणि त्यांच्या भुवईतून रक्त डोळ्यात वाहू लागलं.

"काटा नाही म्हणजे काय!" मास्तर ओरडत होते. "काटा नाही म्हणजे काय! मग माझी पोरगी... मग पाणी कशाला... काटा नाही म्हणजे काय!"

दोन माणसं त्यांना धरायला धावली. एकाच्या पोटात कोपर बसलं, तो वाकला. दुसऱ्याला त्यांनी शर्टाला धरून भिंतीवर फेकलं. लोक मागे सरले, एक मूल रडू लागलं. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत दादा चालत गेला. हळूहळू, डावा पाय ओढत. तो मास्तरांच्या समोर उभा राहिला. मास्तरांची मूठ वर गेलेली होती.

दादाने या वेळी गार्ड घेतला नाही. दोन्ही हात खाली, उघडे. सुजलेलं तोंड त्याने थोडं पुढे केलं.

मूठ तिथेच राहिली, हवेत. ती हलू लागली, दादाचा डावा हात हलतो तशी.

काडी खाली वाकली. टाचण्यांमध्ये तिच्या वाटणीचं केळं पडलं होतं. तिने ते सोललं. नखांत जोर नव्हता म्हणून वेळ लागला, आणि तेवढा वेळ हॉलमध्ये कोणी हललं नाही. पहिला घास तोंडात घोळत राहिला; गिळायला थुंकीच नव्हती. दादाने खिडकीजवळच्या टेबलावरून पाण्याचा पेला आणून तिच्या ओठांना लावला. तिने एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. फुटलेला ओठ चुरचुरला. घास खाली उतरला, आणि तो कुठवर गेला हे तिला आतून नीट कळलं.

मास्तर बघत होते. "काडे," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "उद्या पळायचंय ना तुला? वजन नाही तर नाही. आता खा. सगळं खा. उद्या पळशील ना?"

तिने केळ्याचा दुसरा घास चावला. सावकाश चावला. दादाच्या थरथरत्या हातात आपला हात घातला, तेव्हा दोन्ही हात थरथरू लागले. मग तिने वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं.

"उद्या मी पळणार नाही, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पळेन, जेवून. आणि आम्ही घरी येत नाही. दादा आणि मी मावशींच्या वरच्या खोलीत राहायला चाललोय. आत्ता. इथूनच."